मुक्काम पोस्ट आखेन, गहाण विश्रामबाग

कर्ज ही आमच्याकडे पूर्वी लपवायची गोष्ट होती. मुलीचं लग्न, विहीर नाहीतर कोर्टकचेरी एवढ्याच कारणांसाठी माणूस कर्ज काढायचा आणि ते फिटेपर्यंत सावकाराच्या गल्लीतून जाताना छत्री आडवी धरायचा. ऊन-पाऊस नसला तरी. आता लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जिलबी वाढून घेता घेता विचारतो, ‘‘तुमच्याकडं किती सँक्शन झालं?’’ आपण ‘बावीस’ म्हटलं की तो ‘आमच्याकडं पस्तीस’ म्हणतो आणि आणखी एक जिलबी घेतो.

आमच्या भाच्याचं प्रकरण बावीस लाखांवर थांबलं, त्यामुळे सांगलीत आमचं स्थान मध्यम. ज्यांची मुलं अमेरिकेला गेली ते वरच्या आळीतले. जर्मनीवाल्यांकडे ते जरा दयेनं बघतात, कारण ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं’ ही बातमी महाराष्ट्रात सर्वदूर पोचलेली आहे. आमचे दाजी याच बातमीवर भाळले होते. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. फुकट हा शब्द सरकारी कागदावर दिसला की ते उभे राहून वाचतात.

बातमी खोटी नाही. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लावले, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केली. पण भाच्याला प्रवेश मिळाला आखेनला, आणि त्याच्या अभ्यासक्रमाला सेमिस्टरचे तीनशेच्या पुढचे काही युरो भरले की झालं, त्यातच प्रवासाचा पास. दाजींनी हा आकडा नात्यातल्या सगळ्यांना फोन करून सांगितला. मग व्हिसाची यादी आली. तिच्यात एक ओळ होती : ब्लॉक्ड अकाउंट, ११,९०४ युरो.

युरो शंभरीच्या आसपास धरला तरी हे प्रकरण बारा लाखांच्या घरात जातं, आणि तेही एका वर्षाचं. बरं, ही फी नव्हे, दंड नव्हे, देणगी तर नव्हेच. पैसे आपले, खातं आपल्या पोराच्या नावावर, पण पोरानं त्याला हात लावायचा नाही. तिथं पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटणार. पोरगा उपाशी मरणार नाही आणि मरायचंच ठरवलं तरी पुढच्या महिन्याचं रेशन आधी उचलून मरणार नाही, एवढी जर्मन सरकारची खात्री झाली पाहिजे. मी हे समजून घ्यायला धडपडत होतो, दाजींना मात्र एका क्षणात उमगलं.

‘‘अहो पाव्हणं, हे आवर्तन आहे. धरण भरलेलं दिसतंय, पण पाट सुटेल तेव्हाच पाणी.’’ आणि चाळीस वर्षं शेतकऱ्यांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या दोन त्यांनी जर्मनीला दिल्या.

आता धरण भरायचं तर बँकेत जावं लागणार. इथं दाजींना आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का बसला. या माणसानं कधी कुणाचा एक रुपया उसना घेतलेला नाही. स्कूटर रोख, फ्रीज रोख, विश्रामबागेतला फ्लॅटसुद्धा भविष्य निर्वाह निधी आणि ताईचे दागिने यांच्या जोरावर रोख. हे ते अभिमानानं मॅनेजरला सांगत होते आणि मॅनेजरचा चेहरा उतरत चालला होता. कारण संगणकावर दाजींचा सिबिल स्कोअर निघेना. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्यानं ते फेडलं असण्याचाही पुरावा नाही. बँकेच्या दृष्टीनं दाजी या पृथ्वीवर नुकतेच उतरले होते.

मी जामीनदार म्हणून शेजारी बसलो होतो. माझ्या नावावर घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, मिक्सरचे हप्ते आणि एका क्रेडिट कार्डाची गुंतागुंत. माझा स्कोअर आला ७८१. मॅनेजरनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाचच खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं. दाजींनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं किंचित कमी केलं आहे.

सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. काही बँकांकडे परदेशातल्या नामांकित विद्यापीठांची यादी असते, त्यात नाव असलं तर ही मर्यादा बरीच वर जाते. आमच्या शाखेत अशी यादी आहे, यावर सर्वांचं एकमत होतं. ती कुठल्या कपाटात आहे, यावर नव्हतं. त्यामुळे तारण. त्यामुळे विश्रामबागेतला फ्लॅट. त्यामुळे मूळ खरेदीखत. आणि त्यामुळे २०१९ चा पूर.

दाजी राहतात गावभागात, जुन्या घरी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली तेव्हा हाच गृहस्थ, निवृत्त असूनही, गल्लीतल्या प्रत्येकाला ‘सामान माळ्यावर टाका’ म्हणून बजावत फिरत होता. ऐकलं सगळ्यांनी. स्वतःच्या फ्लॅटचं खरेदीखत तेवढं गोदरेजच्या कपाटात तळाच्या कप्प्यात राहिलं. पाणी ओसरल्यावर ताईनं ते पंख्याखाली वाळवलं आणि वर्तमानपत्रात घालून इस्त्री केली. तो दस्त मी पाहिला आहे. पानं पापडासारखी वाजतात. सबरजिस्ट्रारचा जांभळा शिक्का पसरून अर्ध्या पानावर गेला आहे, आणि लिहून देणाऱ्याच्या अंगठ्यामागे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली मथळ्याची अक्षरं उलटी उमटली आहेत. ‘विसर्ग वाढवला’ एवढं आरशात वाचता येतं.

बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तो दस्त उजेडाकडे धरला, नाकाला लावला आणि तीस वर्षांचा टायटल सर्च करावा लागेल म्हणाले. इंडेक्स टू, मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश, बिल्डरचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा ना-हरकत दाखला. सोसायटीचे सेक्रेटरी ना-हरकत द्यायला तयार होते, फक्त त्यांचा मुलगा अमेरिकेची तयारी करत होता, त्यामुळे त्यांना आधी सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकायची होती. व्हॅल्युअर आला. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या, संडासात डोकावला, लेसर लावून हॉल मोजला आणि विचारलं, ‘‘पूररेषेच्या आत की बाहेर?’’ अख्ख्या सांगलीला ज्यानं पूररेषा समजावून सांगितली, त्या माणसाला हा प्रश्न. दाजींनी पंचवीस मिनिटं उत्तर दिलं. व्हॅल्युअरनं लिहिलं : ‘बाहेर’.

प्रकरण हललं ते मात्र वेगळ्याच कारणानं. मॅनेजर मूळचा दरभंग्याचा. फाइल उघडताच तो पापडी दस्त त्याच्या हातात आला आणि तो एकदम हळवा झाला. ‘‘हमारे यहाँ के कागज भी ऐसे ही हैं.’’ मग कोसी मोठी की कृष्णा, यावर दोघांची अशी काही जुंपली, की शिपायानं दोनदा चहा आणला. दाजींनी कोयनेच्या विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये तोंडपाठ म्हणून दाखवले. शेवटी मॅनेजरनं कोसीला झुकतं माप दिलं, दाजींनी मोठ्या मनानं ते मान्य केलं आणि पुढच्याच आठवड्यात मंजुरीपत्र आलं. डिजिटल इंडिया, विद्यालक्ष्मी पोर्टल, सगळं आपल्या जागी ठीक आहे. पण पूरग्रस्ताचं दुःख पूरग्रस्तच जाणतो.

मंजुरीपत्रावर ताईची सही सहकर्जदार म्हणून झाली, माझी जामीनदार म्हणून. ‘मोरॅटोरियम’ म्हणजे शिक्षण संपेपर्यंत आणि वर एक वर्ष हप्ता नाही, हे ऐकून ताईला हायसं वाटलं. त्या काळातही व्याज मात्र चालूच राहतं, हे ऐकून ती पुन्हा बसली. करसल्लागारानं सांगितलं, भरलेल्या व्याजावर ८० ई कलमाखाली आठ वर्षं सूट मिळते. दाजींचा चेहरा खुलला. ‘‘फक्त जुन्या करप्रणालीत हं,’’ तो म्हणाला. दाजी त्याच वर्षी नव्या प्रणालीत गेले होते, त्याच्याच सल्ल्यानं.

कधीकधी वाटतं, परदेशी शिकायला जाण्याची ही सगळी यातायात पूर्वी किती कमी कागदांत व्हायची. आनंदीबाई जोशींच्या राहण्याची सोय कशी झाली? गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’मध्ये छापून आलं, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे नंबर लावून बसलेल्या असताना वाचलं. १८८३ मध्ये आनंदीबाई उतरल्या त्या थेट त्यांच्याच घरी. डिपॉझिट नाही, अ‍ॅग्रीमेंट नाही, एका अमेरिकन बाईची दाढ दुखली एवढंच. आणि डॉ. आंबेडकर १९२० साली अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले तेव्हा स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये, एवढ्या भांडवलावर. भथेनांनी टायटल सर्च मागितल्याचं कुठं वाचनात नाही. किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात बाबासाहेब तेव्हा भाड्यानं राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. म्हणजे मराठी माणूस लंडनमधल्या भाड्याच्या खोलीचा मालक झाला, पण त्याला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

पैशाचं असं जमलं. खोलीचं जमेना.

आखेन हे विद्यार्थ्यांनी गच्च भरलेलं गाव. वसतिगृहाच्या अर्जाला ताबडतोब उत्तर आलं, की तुमचा अर्ज प्रतीक्षा यादीत आहे, आणि प्रतीक्षा काही सेमिस्टरची असू शकते. ‘‘शिक्षण चार सेमिस्टरचं,’’ दाजी म्हणाले, ‘‘म्हणजे पदवी आणि खोली एकदमच मिळणार.’’ मग नकाशा काढला. आखेनला लागूनच हॉलंडमधलं फाल्स गाव आहे आणि तिथं राहून बसनं आखेनच्या विद्यापीठात येणारी मुलं पुष्कळ आहेत, असं कळलं. दाजी हरखले. मिरजेत राहून सांगलीला कॉलेजला जाण्यासारखंच की! पण ती सोय युरोपातल्या मुलांना. जर्मनीच्या परवान्यावर भारतीय पासपोर्टवाल्याला हॉलंडात बिऱ्हाड थाटता येत नाही. मिरजेला वेगळा व्हिसा लागतो, हे दाजींच्या गळी उतरवायला एक संध्याकाळ गेली.

राहिली शेअरिंगची खोली. जर्मनीत तीन-चार मुलं-मुली मिळून एक फ्लॅट घेतात, एक खोली रिकामी झाली की जाहिरात देतात आणि नवा भिडू मुलाखत घेऊन निवडतात. मुलाखत घरमालक घेत नाही. आत राहणारी पोरंच घेतात. अर्जासोबत स्वतःबद्दल एक पत्र जोडायचं : मी कोण, माझे छंद काय, मला सहजीवनाकडून काय अपेक्षा आहे. भाच्याचं पत्र आत्यानं लिहिलं. ‘निर्व्यसनी, मनमिळाऊ, मोठ्यांचा आदर करणारा.’ उत्तर आलं नाही. मोठं तिथं कुणी नव्हतंच, सगळे तेविशीचे.

मग एका घरानं मुलाखतीला बोलावलं. ते सांगण्याआधी दाजींचा पूर्वेतिहास सांगायला हवा. तो विश्रामबागेतला फ्लॅट गेली कित्येक वर्षं भाड्यानं दिलेला असतो. वालचंद कॉलेज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दर जून-जुलैत दारात पोरांची रांग. आणि दारावर दाजींची पाटी : ‘बॅचलरना मिळणार नाही’. बॅचलर म्हणजे बाटल्या, बॅचलर म्हणजे रात्री बाराला दुचाकी, असं त्यांचं शास्त्र. कुटुंबवत्सल भाडेकरूची चौकशीही अशी, की त्यापुढे पोलिस व्हेरिफिकेशन म्हणजे हवापाण्याच्या गप्पा. पगार किती, बदली कधी, सासुरवाडी कुठली, पाहुणे किती दिवस राहतात, मूल भिंतीवर रेघोट्या ओढतं का. अंडी चालतील, पण टरफलं कागदात बांधून. एका गरीब बिचाऱ्या बँक कारकुनाला त्यांनी कुलदैवत विचारलं होतं.

आता तेच दाजी लॅपटॉपच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे, पाटावर बसलेले. पडद्यावर तीन गोरी पोरं, एक मुलगी, एक मांजर. भाच्याची जर्मन परीक्षेपुरती, त्यांची इंग्रजी बेतशुद्ध, त्यामुळे सगळं सावकाश चाललेलं आणि दाजींना अक्षर न् अक्षर कळत होतं. तू स्वयंपाक करतोस का? करतोस तर किती वेळ? भांडी लगेच घासतोस की नंतर? सफाईच्या पाळीबद्दल तुझं काय मत आहे? रात्री दहानंतर काय करतोस? मैत्रीण आहे का, आणि असली तर आठवड्यातून किती रात्री राहायला येईल?

‘‘यांना काय करायचंय?’’ दाजी पाटावरून कुजबुजले.

‘‘आणि तुझा आवडता सिनेमा कुठला?’’ मुलीनं विचारलं.

‘‘भाड्याशी काय संबंध?’’ दाजी जवळजवळ उठलेच. ताईनं त्यांचा सदरा धरला आणि फक्त एकच शब्द बोलली, ‘‘कुलदैवत.’’ दाजी बसले.

नकार आला. दुसरीकडेही आला. दरम्यान एका गृहस्थाचा फार प्रेमळ मेल आला. आखेनच्या मध्यवस्तीत सजवलेला फ्लॅट, बाल्कनीत जिरॅनियम, भाडं निम्मं. मालक सध्या कामानिमित्त लंडनला आहेत. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियर करतो. मेलखाली बायको-मुलांचा फोटोसुद्धा. आत्या म्हणाली, ‘‘चेहऱ्यावरून सज्जन वाटतोय.’’ दाजी म्हणाले, ‘‘भाडेकरूला फोटो पाठवणारा मालक मी आजवर पाहिला नाही.’’ आणि मेल उडवून टाकला. घरमालकाला घरमालकच ओळखतो. त्यांच्या बारा गुणांतला हा एक तरी कामी आला.

पुढचा पेच पत्त्याचा. खोलीत शिरल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची. नोंदीला घर देणाऱ्याचं पत्र हवं. खोली देणारा म्हणतो, जर्मन बँकेतलं खातं दाखव आणि शूफा आण. शूफा म्हणजे तिथला सिबिल. भाच्याचा तोही निघत नव्हता, पृथ्वीवर नुकतं उतरण्याची परंपरा आता घराण्यात दोन पिढ्यांची झाली. बँक म्हणते, आधी पत्त्याची नोंद आण. आणि धरणातलं पाणी सोडायला चालू खातं लागतं. म्हणजे पैसे आहेत तर पाट नाही आणि पाट मिळायला पैसे दाखवा. अलीकडे काही बँका नोंदीशिवाय खातं उघडून देतात म्हणून पोरं वाचतात. नाहीतर बारा लाखांचा धनी आखेनच्या स्टेशनात वळकटीवर बसलेला दिसला असता.

खोली अखेर मिळाली. आखेनला नव्हे, शेजारच्या एश्वायलरला, रेल्वेनं थोड्या वेळाच्या अंतरावर. साठीतल्या एका विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला. बाईंनी सिनेमा विचारला नाही. त्यांनी करारपत्र पाठवलं. दाजींनी भाषांतराच्या यंत्रात घालून ते रात्रभर वाचलं आणि सकाळी त्यांचे डोळे लाल होते.

भाडं दोन प्रकारचं होतं. नुसत्या खोलीचं ते थंड, आणि हीटर, पाणी, कचरा धरून होतं ते गरम. इथवर ठीक. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी दिवसभर शांतता, हेही त्यांना पसंत पडलं. शेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. कचऱ्याचे डबे वेगवेगळे : कागद वेगळा, पॅकिंग वेगळं, खरकटं वेगळं. बरोबरची खूण. कितीही थंडी असली तरी खोलीची खिडकी रोज सकाळ-संध्याकाळ सताड उघडून हवा खेळवायची, नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती तुमच्या खर्चानं. दोन खुणा. टीव्ही असो वा नसो, प्रत्येक बिऱ्हाडानं महिन्याला १८.३६ युरो प्रसारण वर्गणी द्यायची. तिथं मात्र प्रश्नचिन्ह.

आणि मग डिपॉझिट. जर्मन कायद्यात डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं. भाडेकरूला ते तीन हप्त्यांत देता येतं. मालकानं ते स्वतःच्या पैशांत न मिसळता बँकेत वेगळं ठेवायचं. आणि त्यावरचं व्याज भाडेकरूचं.

‘‘भाडेकरूचं?’’ दाजींनी मला सकाळी सहाला फोन केला. ‘‘पाव्हणं, डिपॉझिटवर व्याज? मालकानं? द्यायचं?’’ शिक्षण फुकट, विद्यापीठ सरकारी, हे सगळं त्यांना पचलं होतं. पण हा देश नेमका कुठल्या विचारसरणीचा आहे, याबद्दल त्यांच्या मनात आता प्रथमच शंका आली. त्यांनी मूळ कायदाच शोधून काढला. निवृत्त सरकारी अभियंत्याला परिपत्रकापेक्षा मूळ अधिनियमावर जास्त विश्वास असतो. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग त्यात त्यांना काहीतरी सापडलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी दाढी करून फिरायला गेले.

भाचा ऑक्टोबरात पोचला. खिडकी उघडतो, डबे वेगळे करतो, फोडणी खाली दरवळते म्हणून घरमालकीणबाईंना शनिवारी पोहे नेऊन देतो. इकडे विश्रामबागेतला कुटुंबवत्सल भाडेकरू बदली होऊन गेला. बँकेचं व्याज चालू होतं, फ्लॅट गहाण असला तरी भाड्यानं द्यायला बँकेची हरकत नव्हती, आणि दिवाळीनंतर येतंय कोण? लातूरहून आलेली वालचंदची दोन पोरं दारात उभी राहिली. पाटी दाजींनी आदल्या दिवशीच उतरवली होती. मला वाटलं, पोराच्या निमित्तानं माणूस निवळला.

मी गेलो तेव्हा दोघं सोफ्याच्या टोकावर बसली होती. समोर दाजी, हातात टाइप केलेला कागद. कुलदैवत गाळलं होतं. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता होती. रविवारी मिक्सर, ड्रिल आणि दुचाकी धुणं बंद. डबे चार. खिडकी रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, सताड. प्रत्येकानं स्वतःबद्दल एक पत्र लिहून आणायचं, छंदांसह.

‘‘आवडता सिनेमा?’’ दाजींनी विचारलं.

पोरांनी मुकाट्यानं सिनेमे सांगितले. डिपॉझिटचा आकडा ऐकला, मान डोलावली. मग त्यातला उंच पोरगा घसा खाकरून म्हणाला, ‘‘काका, माझा मोठा भाऊ स्टुटगार्टला असतो. तो म्हणतो, तिकडं डिपॉझिटवर मालक व्याज देतात.’’

ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘‘कलम ५५१, पोटकलम तीन,’’ ते म्हणाले. ‘‘ते घरांना. विद्यार्थी वसतिगृहाला सूट आहे. हे वसतिगृह समज.’’